माणसं पांढुर्ण्याला, घर सौंसरला

“दामिने! बाजूचा लाईट लावला का वं?”

रोज दिवेलागणीला कमलबाईंची ही हाक स्वयंपाकघरातून निघायची, अंगण ओलांडायची आणि गल्लीच्या तोंडाशी पाणीपुरी खाणाऱ्यालाही ऐकू जायची. मग दामिनी पुस्तक उपडं ठेवायची, खुंटीवरची किल्ली घ्यायची आणि बाजूच्या दोन खोल्यांचं कुलूप उघडायची. आत काहीच नव्हतं. भिंतीवर कॅलेंडर होतं तिथं एक स्वच्छ चौकोन आणि कोपऱ्यात बुद्धाच्या मूर्तीची रिकामी फळी. दामिनी बल्बचं बटण दाबायची, त्या फळीकडे बघत जरा वेळ उभी राहायची आणि परत यायची.

“रिकाम्या खोलीत उंदरं अभ्यास करून राहिले का?” तिचे बाबा, हेमराज, संत्र्याच्या बागेतून आले की हमखास विचारायचे.

आईचं उत्तरही ठरलेलं. “करुणाची आई रोज सांजेला मूर्तीपुढं मेणबत्ती लावे. त्या घराले उजेडाची सवय आहे. ते लोक गेले म्हणून आपण अंधारात ठेवाचं का त्याले?”

करुणा म्हणजे बाजूच्या खोल्यांतली करुणा. भाडेकरूंची मुलगी असं तिला कुणी म्हटलं असतं तर दामिनीनं त्याला धरून चावलं असतं. दोघी पहिलीपासून एका बाकावर. एकीच्या घरी वरण आणि दुसरीच्या घरी भाजी असं दोघींचं मिळून एक जेवण व्हायचं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सौंसरात पेढे वाटले गेले, दामिनीनंही दोन हाणले. त्या पेढ्यांचा खरा अर्थ नंतर कळला. नव्या जिल्ह्यात नवी ऑफिसं उघडली, आणि करुणाचे बाबा, देवीदासकाका, यांची बदली तिकडं झाली. जूनमध्ये दारात टेम्पो उभा राहिला.

त्या दिवशी प्रश्न उभा राहिला तो बाहुल्यांच्या घराचा.

हे घर दोघींनी सातवीच्या सुट्टीत बांधलेलं होतं. संत्र्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या, मोडक्या कपाटाच्या पाठीची प्लाय आणि वर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं छप्पर. दोन मजले, चार खोल्या. आधी आतल्या भिंती लग्नपत्रिकांच्या चकचकीत कागदांनी सजवल्या. मागच्या भिंतीवर करुणानं हिरव्या रंगानं एक वेल काढली, खालच्या खोलीतून निघून वरच्या मजल्यावर गेलेली. मग ती भिंत डिंक लावून, खिळे ठोकून कायमची बंद केली. बाजूच्या भिंतींत छताखाली बोटभर झरोके होते, पण हात आत जायला उरल्या फक्त समोरच्या खिडक्या, त्याही सातवीतल्या मुलीचा हात जाईल एवढ्याच. त्या वेळी दोघींना वाटलं होतं की आपले हात एवढेच राहणार.

घरात राहायला भाऊसाहेब, बाईसाहेब आणि त्यांची लेक ठुमकी. तिघांना करुणाच्या आईनं शिवलं होतं. पोटात घरचाच कापूस भरला, पण सरकी काढायचा कंटाळा केला. त्यामुळे कुणाचंही पोट दाबलं की आतून कुरकुर व्हायची. “ठुमकीले भूक लागली,” करुणा म्हणायची आणि दोघी हसून लोळायच्या.

टेम्पो भरताना देवीदासकाका म्हणाले, “घर नको पोरींनो. रस्त्यात फुटून जाईन ते.”

करुणा रडायच्या बेतात आली. दामिनीनं घाईघाईनं तोडगा काढला. “मंग असं करू. घर माझ्याजवळ राहू दे. माणसं तू घेऊन जा.”

“अन् ते राहतील कुठी?”

“सुट्टीत येतील ना आपल्या घरी! तूच आणजो त्यांले.”

“आणीन,” करुणा म्हणाली. मग टेम्पो गेला.

दसऱ्याची सुट्टी आली, करुणा आली नाही. पाहुणे होते म्हणे. दिवाळीत येणार होती, पण तेव्हा क्लास लागला. आधी रोज दोघींचे लांबलचक आवाजी मेसेज चालायचे. दामिनीचे तर इतके लांब, की करुणा म्हणायची, तुझा मेसेज ऐकता ऐकता माझी भाजी करपते. मग मेसेज आखूड झाले. मग नुसतं एक लाल बदाम. आणि करुणाच्या स्टेटसवर एक चंचल दिसू लागली. चंचलसोबत शाळेत, चंचलसोबत चाट खाताना, चंचलच्या गच्चीवर. चंचलला गालावर खळी होती. दामिनीनं आरशासमोर उभं राहून गालात बोट खुपसून पाहिलं. खळी पडली, पण बोट काढलं की गेली.

एका संध्याकाळी ती बाजूचा बल्ब लावून परत आली आणि कपाटावर ठेवलेल्या बाहुल्यांच्या घराकडे तिचं लक्ष गेलं. खिडक्या काळ्याकुट्ट. बाजूच्या रिकाम्या घरात आई रोज उजेड करते, आणि हे घर जूनपासून अंधारात पडलंय! याचं कुणी बघायचं?

“आई, मी याच्यात लाईट बसवणार आहे.”

“बसव ना,” आई म्हणाली. “फक्त घराचा फ्यूज उडवजो नको.”

दामिनीच्या डोक्यात मात्र पुढचं सगळं चित्र तयार झालं होतं. घर उजळणार. ती व्हिडिओ पाठवणार. करुणा बघणार आणि पुढच्याच रविवारी भाऊसाहेब, बाईसाहेब, ठुमकी यांना पिशवीत घालून सौंसरच्या बसस्टँडवर उतरणार. इतकं घर उजळल्यावर कोण नाही येणार?

दिवाळीची एक बारीक तांब्याच्या तारेची माळ घरात होती, मण्यांएवढे पिवळे दिवे असलेली. ती घेऊन दामिनी बाजारात हेमंतदादाच्या दुकानात गेली. हेमंतदादा शेतातल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. दुकानात तारांची भेंडोळी, जळालेल्या मोटारी आणि एक रेडिओ, जो फक्त बातम्यांच्या वेळी बिघडायचा.

त्यानं मोबाईलवरचा घराचा फोटो मोठा करून पाहिला. “घर बांधून टाकलं, भिंती बंद केल्या, अन् आता वायरिंग?”

“हाव.”

“तुमचा ठेकेदार कोन होता?”

“आम्हीच होतो.”

“मंग बरोबर आहे,” तो हसला. “मागची भिंत फोडा लागते, दुसरा उपाय नाही.”

“भिंत नाही फोडायची.”

“काहून? सोन्याची आहे का?”

“तिच्यावर वेल आहे,” दामिनी म्हणाली. हेमंतदादानं एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा आवरती घेतली. त्यानं माळ मधून कापून दोन मजल्यांसाठी दोन तुकडे केले. वरच्या तुकड्याला वेगळी सेलची डबी दिली. तार जोडण्याआधी तिच्यावरचं पॉलिश ब्लेडनं खरवडून काढायचं, नाही तर दिवा लागत नाही, हेही शिकवलं. पण तार आत कशी घालायची, ते काही त्याला सांगता आलं नाही.

घरी येऊन दामिनीनं खिडकीतून हात घालून पाहिला. बोटं गेली, मनगटाआधीच्या हाडांवर हात अडकला. तिनं साबण लावून पाहिलं. काडीनं ढकलून पाहिलं. तार आत गेली की वळून परत तिच्याकडेच बघायची. दोन दिवस असा खेळ चालला. तिसऱ्या संध्याकाळी ती हरून भिंतीला टेकून बसली होती आणि समोर आई सलवारीत नाडी ओवत होती.

नाडीच्या टोकाला सेफ्टीपिन. पिन नेफ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. आई बाहेरून बोटांनी चाचपत होती, चिमटीत धरत होती, पुढे सरकवत होती. न दिसणारी पिन पूर्ण गोल फिरून दुसऱ्या तोंडातून डोकं बाहेर काढती झाली.

“आई गं!” दामिनी ओरडली.

“काय झालं? टोचलं का?”

“लाकडातून बोटं नाही जात! पण चुंबक जाते!”

आईला यातलं काही कळलं नाही. दामिनी तोवर चप्पल एका पायात आणि दुसरी हातात घेऊन गल्लीबाहेर पोचली होती. हेमंतदादाच्या भंगारात फुटका स्पीकर तिनं पाहिला होता. त्यातलं काळं, जड, गोल चुंबक घेऊन ती परत आली. सेफ्टीपिनला दोरा बांधला. डाव्या बाजूच्या झरोक्यातून पिन आत टाकली, मागच्या भिंतीला बाहेरून चुंबक लावलं आणि आतून आवाज आला. टक्.

चिकटली!

चुंबक बाहेरून सरकायचं, पिन आतून त्याच्यामागे चालायची. मधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती. त्या वेळी प्लाय कमी पडली होती आणि करुणा स्वतःवरच चिडली होती. आता त्याच फटीवरून पिन पलीकडे उडी मारून गेली. खिळा आला की पिन त्यालाच जाऊन बिलगायची, तेव्हा दामिनी तिला शिव्या घालून ओढून काढायची. शेवटी उजव्या झरोक्यातून पिनेचं चकाकतं नाक बाहेर आलं. दोऱ्यामागून तार आली. तारेवर दिवे, छताखाली कपडे वाळत घातल्यासारखे.

“टोकाले गाठ मार वं,” आई तिकडून म्हणाली. “नाही तर नाडीसारखी आत जाईन.”

खालच्या मजल्याच्या तारेला दामिनीनं दोन्हीकडे गाठी मारल्या. वरच्या मजल्याची तार ओवून झाली तोवर तिचा धीर संपला होता. तिनं टोकाला नुसती चिकटपट्टी लावली आणि दोन्ही बटणं दाबली.

घर उजळलं.

लग्नपत्रिकांचे सोनेरी कागद चमकले. वेल खालच्या खोलीतून वर चढताना दिसली. दामिनी टाळ्या वाजवत स्वतःभोवती फिरली, आईला ओढत आणलं, बाबांना जेवणावरून उठवलं. मग व्हिडिओ काढून पाठवला आणि फोन हातात धरून बसली.

उत्तर आलं: “भारी यार!! चंचलला पण दाखवलं, तिला खूप आवडलं.”

दामिनीनं लिहिलं, “रविवारी माणसं घेऊन ये ना.”

बऱ्याच वेळानं आलं, “रविवारी क्लास आहे गं सकाळी. बघते.”

तिनं फोन पालथा ठेवला आणि खिडकीला डोळा लावून आत पाहिलं. अंधारात हे घर झोपलंय असं तरी वाटायचं. आता प्रत्येक खोलीचा कोपरान् कोपरा दिसत होता आणि कुठंच कुणी नव्हतं. काडेपेटीचा पलंग, बाटलीच्या बुचाची घागर, ठुमकीचा झोका. सगळं जागच्या जागी. तिनं बटण बंद केलं. मग पुन्हा लावलं, कारण अंधारही तिला बघवेना.

त्याच आठवड्यात बाबा म्हणाले, “बाजूच्या खोल्या पाहाले लोक आले होते. नवरा-बायको, दोघंही शिक्षक. पुढच्या हप्त्यात राहाले येतात.”

दामिनीच्या हातातला घास हातातच राहिला. “पण करुणाचे लोक परत आले तर?”

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आईनं तिच्या ताटात भाजी वाढली, नको असताना.

“त्यांनी तिकडं प्लॉट पाहून ठेवला आहे, बेटा,” बाबा म्हणाले.

दामिनी भाजीकडे बघत राहिली. प्लॉट पाहून ठेवलेली माणसं सुट्टीत येतात, चहा पितात, आणि संध्याकाळच्या बसनं आपल्या घरी जातात. आता करुणाचं “आपल्या घरी” पांढुर्ण्याला होतं. मग हे घर इथं कपाटावर कुणाची वाट बघून राहिलं होतं?

“आई,” ती म्हणाली, “रविवारी मी पांढुर्ण्याले जाऊ? दुपारची बस. घर घेऊन.”

आईनं करुणाच्या आईला फोन लावला. दोघी बायका आधी मुळ्याच्या भाजीवर, मग गुडघ्यांवर बोलल्या आणि शेवटी ठरलं, की जाऊ द्या पोरीला.

रविवारी बसमध्ये घर दामिनीच्या मांडीवर. तिचं तोंड छपराआड झाकलं गेलं होतं. वरच्या मजल्याची सेलची डबी लोंबत होती आणि दर धक्क्याला लाकडावर आपटत होती, म्हणून तिनं ती सोडून पर्समध्ये ठेवली. कंडक्टर म्हणाला, “याचं तिकीट कोन काढणार? यात किती जण राहून राहिले?”

“सध्या कोणी नाही,” दामिनी म्हणाली.

“मंग जाऊ द्या.”

जामसांवलीला हनुमानाचं दर्शन घेऊन निघालेल्या बाया चढल्या. एक म्हातारी दामिनीच्या शेजारी टेकली आणि तिनं आधी घराला हात जोडले.

“देव्हारा कुठी घेऊन चालली व माय?”

“देव्हारा नाही आजी. घर आहे.”

“देवाचं घरच असते ना ते.” म्हातारीनं पुडी सोडली आणि दामिनी नको नको म्हणेपर्यंत पत्र्याच्या छपराला शेंदराचं बोट लावून टाकलं. मग वाकून खिडकीतून आत पाहिलं. “अन् देव कुठी आहेत?”

दामिनीला हसू आलं. “पांढुर्ण्याले.”

“देव पांढुर्ण्याले, अन् देव्हारा सौंसरले?” म्हातारीनं कपाळाला हात लावला. “कोनं केलं बाप्पा असं?”

“आम्हीच केलं,” दामिनी म्हणाली. तिचं हसू मधेच कुठं तरी अडकलं. बाहेर दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा पळत होत्या. तिनं घर दोन्ही हातांनी जवळ धरलं. म्हातारीनं तिच्या तळहातावर चिरंजीचा, साखरेच्या पांढऱ्या दाण्यांचा, प्रसाद ठेवला.

करुणा गल्लीच्या कोपऱ्यावर उभी होती. लांब वेणी गेली होती, केस खांद्यापर्यंत. शेजारी चंचल, खळीसकट.

“तू खरंच घेऊन आली वं!” करुणा म्हणाली. दोघी एकमेकींसमोर थांबल्या. मिठी मारायची होती, पण मध्ये घर होतं.

“ही चंचल.”

“माहीत आहे,” दामिनी म्हणाली. “स्टेटसवर रोज भेटते.”

चंचल हसली. वाईट म्हणजे, छान हसली.

आत करुणाची आई दामिनीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, “किती वाळली वं! कमल जेवाले देते का नाही?” तिनं छपरावरचा शेंदूर पाहिला आणि म्हणाली, “अन् हे काय, तुमच्या घराचं लग्न लावलं का कोणी?” सगळ्या हसल्या. फळीवर तीच बुद्धाची मूर्ती होती. पुढं मेणबत्ती. दामिनीला क्षणभर वाटलं, आपण बाजूच्याच खोलीत आहोत आणि आता आई हाक मारेल.

मग तिला खिडकीत बुटांचा खोका दिसला. आडवा ठेवलेला, कागदी पडदे लावलेला. आत भाऊसाहेब, बाईसाहेब, ठुमकी. तिघांच्या अंगात नवे कपडे. ठुमकीला तर काठाचा परकर.

“चंचलनं शिवला,” करुणा जरा चाचरत म्हणाली. “हे लोक पिशवीतच होते आधी. मग मले वाटलं, पिशवीत किती दिवस ठेवाचं?”

दामिनीनं ठुमकीला उचललं आणि पोट दाबलं. कुरकुर. तोच आवाज. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. ते येण्याआधी ती मोठ्यानं म्हणाली, “चला, लाईट लावू!”

खालचा मजला लागला. वरचा लागला नाही.

दामिनीनं डबी जोडायला तारेचं टोक शोधलं, तर टोकच नव्हतं. चिकटपट्टी झरोक्याशी लोंबत होती आणि तार आत पळाली होती. बसच्या धक्क्यांनी, अगदी सैल नाडीसारखी.

“गाठ नाही मारली?” करुणानं विचारलं.

“नाही.”

“दामिने, तू सलवारीलाही नाही मारत!” करुणा खो खो हसली. दोघींना सहावीतला तो प्रसंग आठवला, शाळेच्या मैदानात, दप्तर पोटाशी धरून घरापर्यंत आलेली दामिनी. चंचलला काही कळेना आणि या दोघींना सांगता येईना, इतकं हसू. तेवढा वेळ सगळं जसंच्या तसं होतं.

करुणानं सवयीनं खिडकीत हात घातला. तोही हाडांवर अडकला.

“तुझाही नाही जात,” दामिनी म्हणाली.

“नाही ना.” करुणानं हात काढून त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून तिनं खिडकीला डोळा लावला. खालच्या मजल्याच्या उजेडात तिची वेल होती. ती पानापानानं वर जात होती आणि वरच्या मजल्याच्या अंधारात नाहीशी होत होती. करुणा खूप वेळ बघत राहिली.

“तू भिंत फोडली नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाही.”

केसांच्या पिना वाकवून झाल्या, विणायची सुई घालून झाली. आतलं टोक काही हाती लागेना. शेवटी दामिनीनं दुसऱ्या टोकाला धरून ती पूर्ण तार बाहेर ओढली आणि डबी जोडली. करुणाच्या तळहातावर दिवे लखलखले. तार चांगली होती. फक्त आत न्यायची वाट नव्हती. दामिनीनं चुंबकाची आणि सेफ्टीपिनेची सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून, टक् आवाजासकट. “अन् चुंबक घरीच राहिलं माझं!”

बसची वेळ होत आली. करुणानं घर उचलून तिच्यापुढं धरलं.

दामिनीनं हात मागे घेतले. “राहू दे इथंच. माणसं इथं आहेत. रिकामं घर घेऊन मी काय करू?” आवाज नेहमीसारखा निघाला म्हणून तिला बरं वाटलं, मग तिनं आणखी थोडा चढवला. “चुंबक पाठवते कोणाजवळ तरी. तू वरचा मजला लावजो.”

“चुंबकच पाहिजे ना?” चंचल म्हणाली. “आमच्या घरी जुना स्पीकर पडला आहे. आताच आणते, बस जायच्या आत होऊन जाईल!” ती उठलीसुद्धा.

चंचलचं बरोबरच होतं. पाच मिनिटांचं काम. दामिनीनं ठुमकीचा परकर उगाच सारखा केला.

“नको,” करुणा म्हणाली.

“काहून?”

“नको चंचल, बस.” करुणानं हातातली तार विझवली, नीट गुंडाळली आणि टोकाला गाठ मारली, आताच काही गरज नसताना. मग दामिनीकडे पाहिलं. “चुंबक तिकडंच राहू दे. पाठवू नको कोणाजवळ. मी येईन घ्यायले.”

कधी, असं दामिनीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं पर्समधली उरलेली चिरंजी तोंडात टाकली आणि तिच्यासोबत ते गिळलं.

सौंसरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मांडी इतकी हलकी होती की हात कुठं ठेवावे ते तिला सगळ्या रस्ताभर कळलं नाही. घरी कपाटावर धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. फोन वाजला. करुणानं फोटो पाठवला होता. खालच्या मजल्यावर उजेडात भाऊसाहेब आणि बाईसाहेब. वर अंधाऱ्या खिडकीत ठुमकी, बाहेर बघणारी. खाली लिहिलं होतं, “ही वरच बसते म्हणते.”

पुढच्या आठवड्यात बाजूला सामान आलं. गॅस, गाद्या, पुस्तकांची खोकी, एक मनी मांजर. पहिल्याच संध्याकाळी दामिनी सवयीनं पुस्तक उपडं ठेवून उठली. खुंटीवर किल्ली नव्हती. बाजूच्या खिडकीतून उजेड अंगणात येऊन पडला होता, तिनं न लावलेला.

ती तशीच परत वळली. ओट्यावर फाटकासमोरच्या खिडकीच्या गजाला काळं चुंबक चिकटवून ठेवलेलं होतं. गल्लीत शिरणाऱ्याला पहिलं तेच दिसावं, अशी जागा तिनं शोधून काढली होती. त्यावर सेफ्टीपिनही होती, दोरा बांधलेली.

“दामिने!” आई आतून म्हणाली. “ते गजाले काय लटकवून ठेवलं वं? नवीन लोक काय म्हणतील?”

दामिनीनं चुंबक ओढून पाहिलं. ते हललं नाही.

“राहू दे आई,” ती म्हणाली. “न्यायले येणार आहे.”